एका दमातला पंचनामा

पनवेल शहर, तालुका आणि खाडीच्या दोन्ही तीरांवरील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की माझे मामेसासरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भूमापक, राहणार नवीन पनवेल, हे रॅपर झाले आहेत. याला कोणाची हरकत असल्यास ती त्यांच्याकडे लेखी द्यावी. मात्र देण्यापूर्वी तारीख, पत्ता आणि शुद्धलेखन तीनदा तपासावं, कारण मामा आधी लाल पेनानं त्यातल्या चुका काढतील, कागद दुरुस्तीसाठी परत पाठवतील आणि दुरुस्त होऊन आल्यावरच हरकत फेटाळतील. दुसऱ्याची चूक इतक्या प्रेमानं, इतक्या बारकाईनं आणि इतक्या अवेळी दाखवणारा माणूस सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात दुसरा झालेला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मामांनी उभं आयुष्य जमिनी मोजण्यात काढलं आणि निवृत्तीच्या दिवशी मोजणं थांबवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. 'जवळच', 'साधारण', 'सुमारे' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. रस्त्यात कोणी पत्ता विचारला तर ते आधी सूर्याकडे बघतात, मग "दक्षिणेस दोनशे दहा पावलं, तिथून पूर्वेस पंचाऐंशी" असं सांगतात, आणि विचारणाऱ्याची पावलं आपल्यापेक्षा आखूड दिसली तर तेवढी वाढवूनही देतात. माझ्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, माणसं अक्षता मुठीत घेऊन ताटकळली, आणि मामा खिशातलं होकायंत्र काढून बोहल्यावर चढले. वर पश्चिमेला तोंड करून उभा आहे असं सगळे समजत होते, तो प्रत्यक्षात सात अंश वायव्येला कलला होता. मला पाटासकट फिरवण्यात आलं. मी गादीवाला माणूस, वजनही गादीसारखंच, चौघे लागले. आमचा संसार आजवर सुरळीत चालला आहे त्याचं सगळं श्रेय माझी बायको त्या सात अंशांना देते. मला त्यात धरत नाही.

एकदा आम्ही सगळे गाडी करून गोव्याला निघालो. पळस्प्याच्या पुढे जरा कुठे गाडीनं वेग घेतला, तोच मामांनी ती थांबवायला लावली. मैलाचा दगड चुकीच्या जागी आहे, असा त्यांना संशय आला होता. ते उतरले आणि आधीच्या दगडाच्या दिशेनं पावलं मोजत चालू लागले. आम्ही वडापाव खाल्ले, चहा प्यालो, पोरांचं भांडण होऊन मिटलं, तेव्हा मामा परतले. दगड चुकीचा नव्हता. सबंध प्रवासभर ते उदास होते.

पण त्यांची खरी करामत जिभेची. जमीन मोजून झाली की पंचांसमोर पंचनामा वाचून दाखवायचा असतो, आणि त्या जुन्या सरकारी पंचनाम्याला पूर्णविराम ठाऊकच नव्हता. "सदरहू" म्हणून जे सुरू व्हायचं ते थेट "येणेप्रमाणे" येईपर्यंत एकच वाक्य. दोन-दोन पानांची ती वाक्यं मामा उन्हात उभं राहून एका दमात वाचत, कारण मध्ये श्वास घेतला की पंचांपैकी कोणीतरी बिडी पेटवायला उठतो, हा त्यांचा अनुभव. ही सवय घरातही टिकली. दुधात पाणी असल्याची तक्रार ते एकदा दूधवाल्याला ऐकवू लागले, तेव्हा मामी स्वयंपाकघरात जाऊन भाताचा कुकर लावून आल्या, तरी वाक्य चालूच होतं, आणि दूधवाला भारावल्यासारखा किटली हातात धरून उभा होता.

आता या माणसाची आणि रॅपची गाठ कशी पडली ते सांगतो. जुन्या पनवेलमध्ये माझं गाद्यांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर कापसाचं गोदाम. शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा इम्रान एकदा काही निरोप घेऊन वर आला, त्यानं उगाच टाळी वाजवली आणि ती टाळी कापसात जागच्या जागी मेली. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, चाचा, मुंबईत असल्या शांततेचं भाडं घेतात. त्याची आणि त्याच्या दोन मित्रांची 'खारफुटी' नावाची टोळी होती. इम्रान ठेके बनवायचा. नेऱ्याचा रोशन आणि उरणकडच्या एका कोळीवाड्यातली हर्षदा गाणी लिहायची आणि म्हणायची. त्यांना नऊ गाण्यांचा अख्खा अल्बम करायचा होता, आणि तोही प्रेमाबिमाचा नाही. हे नवं शहर कोणाच्या जमिनीवर उभं राहिलं, खाड्या बुजवल्यावर पाणी कोणाच्या घरात शिरलं, डोंगर फोडून कुठे गेला, असे सगळे सरकारला विचारायचे प्रश्न. मला तोवर रॅप म्हणजे तालात केलेलं भांडण वाटायचं. आता ऐकून ऐकून माझी खात्री झाली आहे की मला वाटायचं ते बरोबरच होतं, पण भांडण चांगलं होतं. मी होकार दिला. गाठोडी भिंतीला लागली, मध्ये माईक आला आणि माझ्या गोदामाचा स्टुडिओ झाला.

मामा रोज दुपारी दुकानात येतात, नव्या गादीवर तासभर झोपतात आणि उठल्यावर ती किती दबली ते मला सांगतात. अशाच एका दुपारी रोशन वर ओरडत होता की त्याच्या गावाच्या मागचा डोंगर गायब झाला. मामांचे डोळे उघडले. ते जिना चढून वर गेले, बूट काढून कापसात उभे राहिले आणि म्हणाले, "डोंगर गायब नाही. पश्चिमेची बाजू गेली आहे. पूर्वेची शाबूत आहे. मी रविवारी पाहिली."

पोरं आधी हसली. मग वैतागली. कारण दुसऱ्या दिवसापासून मामा लाल पेन घेऊन येऊ लागले. अल्बमचं नाव 'सातबारा' ठरलं होतं. मामांनी ते खोडलं. सातबारा शेतजमिनीचा असतो, कोळीवाड्यातली घरं गावठाणात, म्हणजे अल्बमचं नावच चुकीच्या दप्तरातलं. त्याऐवजी त्यांनी 'चतुःसीमा' सुचवलं, आणि पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण हे प्रत्येक दस्तात कसं लिहितात ते असं रंगवून सांगितलं, की रोशननं त्यावरच पहिलं गाणं केलं. दुसऱ्या एका गाण्यात 'हजारो ट्रक' होते. मामा छत्री घेऊन द्रोणागिरीच्या रस्त्याला सकाळी आठ ते अकरा उभे राहिले, एकेक कंटेनर मोजला आणि परत येऊन 'शेकडो'ला परवानगी दिली. हर्षदा एकदा चिडून म्हणाली, "मामा, गान्यात थोडं जास्त चालतं. आमी काय कोर्टात उभं हाव?" मामांनी पेनाचं टोपण लावलं आणि तिला सांगितलं, की एक आकडा चुकला तर समोरचा तेवढाच धरून बसतो आणि उरलेलं सगळं खोटं ठरवतो, हे त्यांनी चौतीस वर्षं कचेरीत पाहिलं आहे. रोशननं गुपचूप 'गायब डोंगर'चा 'अर्धा डोंगर' केला. मग स्वतःच ऐकून म्हणाला, हे जास्त लागतंय. त्या दिवसापासून मामांसाठी वर एक स्वतंत्र तक्क्या ठेवण्यात आला.

आणि पंचनाम्याचं गुपित फुटल्यावर तर विचारूच नका. इम्राननं एकदा गंमत म्हणून त्यांना माईकसमोर उभं केलं. मामांनी पाठ असलेला एक जुना पंचनामा सोडला, विहिरीसकट, आंब्याच्या झाडांसकट, लगतच्या सातही शेतकऱ्यांच्या नावांसकट. इम्रानच्या हातातला चहा निवला. ही पोरं जो दम मिळवायला वर्षभर धडपडत होती, तो मामांकडे सरकारनं पगारासकट दिलेला होता. "मामू, ये तो फ्लो है," इम्रान म्हणाला. मामांनी ही नियमबाह्य स्तुती आहे की काय, असं मला खाली येऊन विचारलं.

नववं गाणं हर्षदाचं. त्यात मात्र गंमत नव्हती. तिच्या कोळीवाड्याला लागून एक मोकळी जागा आहे, तिला ते खळं म्हणतात. तिची आजी, आणि आजीची आजी, तिथंच जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवायच्या. नव्या शहराच्या जुन्या योजनेत ती जागा सरकारकडे गेली होती, पण पुढे कोणी तिथं काही बांधलं नाही, म्हणून वाळवणं चालूच राहिलं. आता तिथं गोदाम येणार असल्याचा फलक लागला होता. गावानं अर्ज केला, तर कचेरीनं पन्नास वर्षांपूर्वीचा कागद पुढे केला. त्यावर त्या जागेपुढे एकच शब्द होता, 'पड'. म्हणजे वापरात नसलेली. गावाची सुनावणी लागली होती आणि गावाकडे आठवणी सोडून पुरावा नव्हता. हर्षदाचं गाणं त्या एका शब्दाशी भांडत होतं:

जवला म्हनतो मी इथं वाललो,
कागद म्हनतो इथं कोनीच नव्हता,
सांग रे सायबा, पड लिवलंस
तवा तुजा डोला कुठं व्हता?

मामांना गाणं आवडलं. फक्त शिरस्त्याप्रमाणे त्यांनी मूळ कागद मागितला. हर्षदानं झेरॉक्स आणली. त्यांनी चष्मा पुसला, भिंग काढलं, नकाशा पाहिला, मापं पाहिली, मान डोलावली, आणि सगळ्यात खाली सहीपाशी आले. तिथं भिंग बराच वेळ थांबलं. मग त्यांनी कागदाची घडी केली, माझ्याकडे न बघता जिना उतरले आणि झोप न घेता, चहा न घेता निघून गेले. माझ्या दुकानाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

आठ दिवस मामा आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. मामींनी दार उघडलं आणि डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या होत्या, जुन्या डायऱ्यांचे ढीग लागले होते आणि मध्ये मामा बसले होते, दाढी वाढलेली. ते म्हणाले, "जावईबापू, सही माझी आहे."

मग हळूहळू सगळं सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, वय चोवीस. कामाची घाई होती, म्हणून पावसाळ्यातही मोजणीला धाडलं. ते त्या कोळीवाड्यात पोचले तेव्हा श्रावण लागला होता, नारळी पौर्णिमा व्हायची होती. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद. खळ्यावर मासळीचं नावही नाही, गुडघाभर गवत. देशावरचा मुलगा. वाळवण म्हणजे काय, ते कधी घालतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार. त्यानं गवत पाहिलं आणि 'पड' लिहिलं.

"माप बरोबर आहे," मामा डायरीवर हात ठेवून म्हणाले. "आजही लावून बघा. इंच हलणार नाही. रकाना चुकला."

इथं मला माझी एक लबाडी कबूल केली पाहिजे. मी त्यांना म्हटलं, मामा, सही कोणाला वाचता येते आहे, गाण्यात नुसता 'सायब' आहे, राहू दे की. जन्मभर जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाची ही एकुलती एक चूक, ती पोरांना कळली तर लाल पेनाचं काय राहील, असं मला वाटलं होतं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा एकदा मला कोणीतरी सात अंश फिरवतंय असं वाटलं. मग त्यांनी दाढीचं सामान मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, गळ्यापर्यंत बटणं लावून. वर जाऊन त्यांनी पोरांना सांगितलं, की गाण्यातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो साहेब हजर झाला आहे. रोशन हसायला लागला आणि मध्येच थांबला.  हर्षदा उठून खिडकीशी गेली. तिथून तिला रस्त्यावरचं काय दिसत होतं ते तिलाच ठाऊक. बऱ्याच वेळानं तिनं स्वतःच माईकची उंची मामांच्या मापानं खाली घेतली.

मामांनी कागद धरला आणि सुरुवात केली. मी खाली सही करणार, असं म्हणून स्वतःचं पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, मग मोजणीचा दिवस, हवामान, खळ्याची पूर्व-पश्चिम लांबी, उत्तरेची होडी, दक्षिणेची विहीर, सगळं एका दमात, पाण्यासारखं, आणि मागून इम्राननं ठेका सोडला तर तो जणू पन्नास वर्षं याच वाक्याची वाट बघत असल्यासारखा बसला. सदरहू जागा मासळी वाळवण्याच्या नित्य वापरात असताना, हंगाम नसल्याचं ध्यानात न घेता, कोणालाही न विचारता, मी ती 'पड', इथं मामा थांबले. दम तुटला. माझ्या आठवणीत त्यांच्या पंचनाम्यातला तो पहिला पूर्णविराम.  मग त्यांनी वाक्य पुरं केलं आणि तो थांबलेला भाग कापून टाकायला सांगितला. इम्राननं कानावरचं यंत्र काढलं. "नाही मामू. वही तो गाना है."

मामांनी हाच मजकूर सुनावणीसाठी साध्या कागदावर लिहून, डायरीच्या प्रतीसह, सही करून दिला. पण अल्बम बाहेर काढायला मात्र त्यांनी अडवलं. मोजणीआधी लगतच्या सगळ्यांना नोटीस द्यावी लागते. मग ज्यांच्या जागेचं गाणं आहे त्यांना न कळवता ते जगाला कसं ऐकवणार? त्यांनी आपल्या मोत्यासारख्या कचेरी अक्षरात नोटिसा लिहिल्या. 'तरी आपण नववे गीत ऐकण्याकामी समक्ष हजर राहावे.' हर्षदानं त्या घरोघर वाटल्या. एक देवळाच्या खांबाला डकवली. ती वाचून गावातले दोन म्हातारे घाबरून आपली कागदपत्रं घेऊनच आले.

आम्ही गेलो तो श्रावणातला रविवार होता. होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात, खळ्यावर गुडघाभर गवत. मामा त्या गवताकडे बघत जरा वेळ उभे राहिले. मग देवळाच्या मंडपात जाऊन मागच्या खांबाला टेकले. पुढे बाया बसल्या होत्या, त्यांच्या मधोमध हर्षदाची आजी, ऐंशीच्या पुढची. नक्की वय मी मामांना विचारलं नाही. रोशननं गाणं लावलं. हर्षदाचा आवाज आला तशा बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या, पोरी ताल धरू लागल्या. मग मामांचा आवाज आला. पूर्ण नाव, हुद्दा, लांबी, होडी, विहीर. हसणं विरत गेलं. तो श्वास तुटला तेव्हा मंडपात पंख्याचा तेवढा आवाज होता, आणि चौतीस वर्षं मान ताठ ठेवून पंचनामे वाचलेला माणूस मागे खाली मान घालून उभा होता. बायांनी एकेक करत वळून पाहिलं. कोण ते कोणाला सांगावं लागलं नाही.

आजी उठली. हर्षदा हात द्यायला गेली, तो तिनं झटकला. गर्दीतून वाट काढत ती मामांसमोर येऊन उभी राहिली. मामांनी हात जोडले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाक्य सापडेना. आजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी मनाशी तयारी केली होती शिवीची, किंवा रडण्याची. सुनावणी व्हायची होती, निकाल कुठल्या बाजूला जाईल ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आजही नाही. आजी काही ठरवून आल्यासारखी दिसत नव्हती. बाहेरच्या गवताकडे तिची नजर गेली, परत मामांकडे आली, आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं,

"आता मासली वालत घातली का ये परत, आनि या खेपंला आमाला इचारून मोज."